श्यामच्या घरावरची जप्ती

मराठीच्या वहीत दरवर्षी ठरल्यासारखे येणारे काही निबंध असतात. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझा आवडता सण', 'माझे वडील'. प्रस्तुत लेखक वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक होता, तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गाला 'माझे वडील' हा विषय दिला होता. वह्या तपासताना एका मुलाच्या पानावर एकच वाक्य आढळले : माझे वडील कास्तकार होते. पुढे पान कोरे. वह्यांचा ढीग समोर होता, रात्र बरीच झाली होती. लाल शाईने खाली शेरा मारला, 'विस्तार हवा', आणि पुढची वही ओढली. त्या वाक्यातले क्रियापद भूतकाळी आहे, हे मराठीच्या शिक्षकाच्या ध्यानात आले नाही. ते आले चार दिवसांनी, एका सहकाऱ्याने त्या घरची हकीकत सांगितली तेव्हा. त्या वर्षी पऱ्हाटी बुडाली होती, कर्ज थकले होते, आणि मुलाच्या बापाने दिवाळीपूर्वीच स्वतःचे जीवन संपविले होते.

वहीतला तो शेरा नंतर खोडला; पण त्याने काय साधणार? त्या मुलाला विस्तार करता आला नसता असे नाही. तो कसा करावा, हे त्याला कोणी दाखविलेच नव्हते. घरात त्या विषयावर कोणी बोलत नव्हते, गावात सगळे बोलत होते, आणि शाळेत आम्ही त्याला ऋतूंची वर्णने पाठ करावयास लावीत होतो. घरावर कोसळलेल्या संकटाला शब्द कसे द्यावेत, हे मुलाला शिकविणार कोण? आईबाप शिकवू शकत नाहीत. कारण तेच त्या संकटात बुडालेले असतात. शिक्षकाला बहुधा उशिरा कळते. हे काम मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीचे आहे, आणि ते तिच्याइतके दुसऱ्या कशाने होणारे नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

मराठीत अशी कादंबरी नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सर्वांत मोठी तर घराघरांत आहे. फक्त ती आपण अर्धीच वाचतो.

बेचाळीस रात्रींचा दोरा

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. वर्ध्याहून सत्याग्रहात गेलेल्या या कैद्याचे शब्द टिपून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच हाताने पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. इतके भाग्य मुलांच्या हाती पडणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

पण या पुस्तकाचे नाव निघताच आपल्याला काय आठवते? आईने श्यामला पोहावयास कसे धाडले, मुक्या कळ्या तोडल्याबद्दल त्याला कसे समजाविले, म्हणजे थोडक्यात आईची शिकवण. ती थोर आहे यात वाद नाही. तथापि या बेचाळीस रात्रींना आतून जोडणारा दोरा शिकवणुकीचा नाही, तो कर्जाचा आहे. कोकणातले एक खाऊनपिऊन सुखी घर वाटण्या होऊन विस्कटते. वडिलांचे कर्ज फिटत नाही, व्याज वाढत जाते. सावकाराचा माणूस दारात येऊन घरच्या बाईचा पाणउतारा करतो. अखेर गावात दवंडी पिटली जाते आणि घरावर जप्ती येते. त्याची लाज धाकट्या भावाला शाळेत सोसावी लागते, कारण मुले त्याला चिडवतात. श्याम त्या वेळी शिक्षणासाठी दूर असतो. आईच्या मरणसमयीही तो जवळ नसतो. हे सारे गुरुजींनी लपविले नाही. लपविले असेल तर ते आपण वाचकांनी.

पाठ्यपुस्तकासाठी वेचा निवडावयाचा झाला की आपण पोहण्याची रात्र निवडतो, फुलांची निवडतो. जप्तीची रात्र निवडावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परिणामी ज्या मुलाच्या घरी बँकेची नोटीस आलेली असते, त्याला या पुस्तकातून एवढेच ऐकू येते की, श्याम पाहा कसा गुणी होता, तूही तसा हो. तेच पुस्तक सबंध वाचले, तर त्याला निराळे काही ऐकू आले असते : हे दुसऱ्याही घरी घडले आहे. त्या घरचा बाप चोर नव्हता, आई आळशी नव्हती. तरीही घर गेले. कर्जाला स्वतःचे एक गणित असते, आणि घरातल्या माणसांच्या चांगुलपणाने ते गणित चुकत नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. बहुतेक मुले घरच्या विपत्तीचा दोष स्वतःकडे किंवा बापाकडे घेत असतात.

या पुस्तकाच्या रचनेतही एक मोठा दिलासा आहे. आश्रमातल्या मित्रांना मोठा झालेला श्याम रोज रात्री आपली हकीकत सांगतो. म्हणजे पहिल्या पानापासून वाचणाऱ्या मुलाला ठाऊक असते की, ज्याच्यावर हे गुदरले तो जगला आहे, चार माणसांत बसला आहे आणि शांतपणे सांगू शकतो आहे. आई वाचत नाही, घर वाचत नाही. पण सांगणारा वाचतो. दुःखाच्या गोष्टीने मुलाला द्यावयाचे आश्वासन यापेक्षा अधिक नसावे, आणि कमीही नसावे.

लपविलेली लाज आणि खोटी सुटका

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडात १८२४ साली चार्ल्स डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटविण्याचे काम करावे लागले. पुढे तो जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला. पण ही हकीकत त्याने आपल्या मुलाबाळांनाही सांगितली नाही. १८७० साली त्याचा मृत्यू झाल्यानंतर मित्राने लिहिलेल्या चरित्रातून ती लोकांना समजली. जे घरात उच्चारता आले नाही, ते त्याने 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये दुसऱ्या मुलाच्या नावावर घालून सांगितले होते. कादंबरीचा हाच तर मोठा उपयोग आहे. स्वतःविषयी बोलण्याची लाज वाटते, तेव्हा दुसऱ्याच्या नावाने बोलता येते आणि दुसऱ्याच्या नावाने वाचताही येते.

पण याच डिकन्सने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये एक वाट अशीही पाडून ठेवली, की जिने पुढच्या पुष्कळ बालकादंबऱ्या गेल्या. अनाथालयात पोटभर अन्नाला मोताद झालेला ऑलिव्हर अखेरीस चांगल्या घराण्यातला निघतो आणि त्याला वारसा मिळतो. फ्रेंच लेखक हेक्टर मालो याच्या १८७८ सालच्या 'बेवारस' मुलाच्या प्रसिद्ध कादंबरीतही गावोगाव फिरून पोट भरणारा रेमी शेवटी एका श्रीमंत इंग्रज बाईचा हरवलेला मुलगा ठरतो. वाचताना डोळे भरून येतात, हे खरे. परंतु खरोखरीच्या गरीब मुलाला अशी कादंबरी काय सांगते? तुझी गरिबी ही एक चूक होती. तू मुळात श्रीमंतच होतास. ज्याच्या नशिबी अशी चूक उघडकीला येण्याचा योग नाही, त्याने पुस्तक मिटल्यावर काय करावे?

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे. त्यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्लम क्रीक'च्या गोष्टीत बाप येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर उधारीने लाकूड आणून घर बांधतो. पीक उभे असताना टोळधाड येते आणि शेत साफ होते. बाप फाटके बूट पायांत घालून मजुरीच्या शोधात शेकडो मैल पायी जातो. मागे आई आणि मुली घर सांभाळतात. येथे कोणी श्रीमंत मावशी धावून येत नाही. बाप मजुरी करतो, पैसे पाठवितो, परत येतो आणि पुन्हा पेरतो. आमच्याकडच्या कास्तकाराच्या मुलाला हे पुस्तक समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही. टोळाच्या जागी बोंडअळी वाचली, की झाले.

फाइलमध्ये नसलेला रकाना

आमच्या जिल्ह्याचे तालुके आठ, आणि बहुतेकांत कोरडवाहू कापूस. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारात होते. आज या जिल्ह्याचे नाव निराळ्या कारणाने देशाला ठाऊक आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भात आले आणि शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत वर्धा होता. अशा कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपये देण्यासाठी जी चौकशी होई, तिची भाषा गावोगाव मुलांच्याही तोंडी बसली : 'पात्र' आणि 'अपात्र'. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे की हातउसने, वसुलीचा तगादा होता की नाही, असे सारे रकाने त्या कागदात होते. कृषी केंद्राची उधारी किंवा सोयऱ्याकडून घेतलेले पैसे त्यात बसत नसत. आपल्या बापाचे मरण 'अपात्र' ठरले, हे वाक्य ज्या मुलाने ऐकले, त्याच्यासाठी त्या फाइलमध्ये कोणताच रकाना नव्हता.

शासनाच्या कागदाकडून ती अपेक्षाही नाही. ती आहे साहित्याकडून. वर्ध्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव दोनदा पडला. १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष होते, २०२३ साली न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. कृषिजीवनावर मराठी लेखकांनी लिहिले नाही असेही नाही. बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ती मोठ्यांची कादंबरी. आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ सालची, कागलच्या एका पोराने बापाच्या विरोधाला तोंड देत शाळेसाठी केलेल्या झटापटीची. तीही मोठ्यांसाठीच लिहिलेली. आमच्या विद्यार्थ्यांनी ती आपण होऊन आपलीशी केली, हा त्यांचा शहाणपणा. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकांत ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या कादंबरीचा उल्लेख केला पाहिजे. धरणापायी गाव सुटणाऱ्या मुलाच्या या कथेला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. चित्रपटानेही काही वेळा आघाडी मारली. २००८ सालच्या 'टिंग्या'त बैल निकामी होतो आणि कर्जबाजारी बापाला तो विकावा लागणार असतो, एवढीच गोष्ट. पण ती मुलाच्या उंचीवरून पाहिलेली आहे. कापसाच्या मुलखाला आता अशीच कादंबरी हवी आहे, आणि एक नव्हे, पुष्कळ.

त्यांची सामग्री शोधावयास दूर जावे लागणार नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिंपरी मेघे येथे १९४८ साली एक मुलगी जन्मली. नकोशी म्हणून घरात तिला 'चिंधी' म्हणत. म्हशी राखण्याच्या निमित्ताने बाहेर पडून ती शाळेत जाऊन बसे. शिक्षण चौथीपर्यंतच झाले. पुढे अनाथांची माय म्हणून ओळखल्या गेलेल्या, २०२१ साली 'पद्मश्री'च्या मानकरी ठरलेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये निवर्तलेल्या सिंधुताई सपकाळ त्या याच. आपण त्यांच्या मोठेपणीच्या कार्याचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण मुलांच्या कादंबरीचा विषय 'सिंधुताई' नव्हे, 'चिंधी' आहे. म्हशी डबक्यात सोडून शाळेच्या वाटेने पळणारी, आणि उशीर झाला म्हणून मार खाणारी मुलगी पुढे मोठी होणार आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, तिला स्वतःलाही नाही. अशा मुली आजही आहेत. दिवाळीची सुट्टी संपते, तरी कापूस वेचणीच्या दिवसांत खेड्यातल्या शाळांची हजेरी पातळ असते. रिकाम्या जागांवर कोणाच्या नावाची मुले बसतात, हे प्रत्येक वर्गशिक्षकाला तोंडपाठ असते.

काम, बोली आणि हसू

येथे एक सावधगिरी हवी. मुलांच्या कष्टाचे वर्णन करता करता त्याचे कौतुक करण्याचा मोह लेखकाला होतो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे आणि ते उत्पादक श्रमाभोवती गुंफलेले असावे, असे तेथे ठरले, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. या 'नई तालीम'चे मर्म असे की, काम मुलाला शिकविते. पण सगळेच काम शिकवीत नाही. काही काम मुलाला खाऊन टाकते. सूत कातताना मोजमाप शिकणारी मुलगी आणि किलोच्या दराने दिवसभर कापूस वेचून पाठ मोडून घेणारी मुलगी यांच्यातला फरक कादंबरीकाराला दिसला पाहिजे. मुलाने घरासाठी काही करावे, त्यातून त्याचा धीर वाढावा, हे खरेच. निव्वळ रडणारा नायक वाचणाऱ्या मुलाला दुबळे करतो. पण घर वाचविण्याची जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकून वर टाळ्या वाजवू नयेत.

त्याच परिषदेतली मातृभाषेची गोष्टही विसरू नये. आमच्या मुलाची मातृभाषा म्हणजे पुस्तकातला 'शेतकरी पिता' नव्हे. त्याच्या घरी माय आहे, वावर आहे, डवरा आणि वखर आहे. पऱ्हाटीला बोंडे धरतात आणि सरकीचा भाव मजुरीइतकाच घरात बोलला जातो. हे शब्द कादंबरीत आले, तर त्याला आपले घर छापील अक्षरांत दिसेल. छापील अक्षराला खेड्यात अजून मान आहे. आपले दुःख छापण्याच्या लायकीचे आहे, हे कळल्याने माणसाची मान थोडी वर होते.

यावर आक्षेप येणार, हे उघड आहे. मुलांच्या वाट्याला दुःख थोडे का आहे, की पुस्तकातूनही त्यांना तेच द्यावे? त्यांना हसू द्या, फास्टर फेणेबरोबर धावू द्या, असे पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. हसविणारे पुस्तक मुलाच्या हातून काढून घ्यावे, असे कोणीच सुचवीत नाही. पण ना. धों. ताम्हनकरांचा लाडका गोट्याही पोरकाच होता, याचा आपल्याला विसर पडतो. हसू आणि हलाखी एकाच घरात नांदतात. ज्या घरात तेल संपलेले असते, त्याच घरात भावंडे एकमेकांच्या खोड्या काढीत असतात. चांगल्या कादंबरीत दोन्ही येतात. फक्त रडविणारी कादंबरी ही दुःखाविषयीही अपुरीच सांगत असते. आणि दुःखापासून मुलाला दूर ठेवण्याचा प्रश्न असेल, तर ते आपल्या हातात कोठे आहे? ते त्याच्या घरी आधीच येऊन बसले आहे. आपल्या हाती एवढेच आहे की, त्याला त्याच्यापाशी एकटे सोडावयाचे की नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. 'श्यामची आई' वर्गात सबंध वाचा, जप्तीच्या रात्रीसकट. वाचून झाल्यावर 'या गोष्टीवरून काय बोध घ्याल?' हा प्रश्न एखाद्या वर्षी विचारूच नका. थोडा वेळ वर्ग गप्प राहिला तर राहू द्या. ज्या मुलाच्या घरी संकट आहे, त्याच्या हातात सर्वांदेखत 'हे तुझ्यासाठी' म्हणून असे पुस्तक देऊ नका. त्याने त्याला आणखी लाज वाटेल. ते कपाटात त्याच्या हाताशी ठेवा आणि कपाटाला कुलूप लावू नका. खेड्यातल्या शाळेत शिकून आज नोकरीत स्थिरावलेले जे तरुण कारकून, शिक्षक, विद्यार्थी हा लेख वाचीत असतील, त्यांना विनंती अशी की, त्यांनी आपली गोष्ट लिहावी. मोठे झालेले श्याम या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. सांगावयास बसलेले थोडे आहेत.

तो एका वाक्याचा निबंध लिहिणारा मुलगा दहावी होऊन गाव सोडून गेला. पुढे त्याची भेट झाली नाही. त्याच्या वहीतल्या त्या कोऱ्या पानाची आठवण मात्र वह्या तपासावयास बसलो की येत असे. विस्तार हवा होता, हे खरेच. पण तो त्याच्याकडून मागण्यापूर्वी कोणीतरी त्याला तो करून दाखवावयास हवा होता, आणि ते काम त्याचे नव्हते, आमचे होते.